एका आडनावामागच्या दोन आया : अकेडियातलं त्राहां घराणं

आजच्या भागात आपण एकच घराणं घेऊ आणि त्याची वंशावळ जुन्या कागदांवरून कशी उभी राहते ते पाहू. घराण्याचं नाव त्राहां. ठिकाण अकेडिया, म्हणजे आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कोशियाचा परिसर. सतराव्या शतकात तिथे फ्रेंच वसाहत होती.

पहिला कागद जहाजाचा. 1 एप्रिल 1636 रोजी फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरातून 'सें-जां' हे जहाज निघालं. त्याच्या प्रवासी यादीत गियोम त्राहां आहे. धंद्याने लोहार, धारदार हत्यारं घडवणारा. सोबत बायको, दोन मुलं आणि एक नोकर. बायकोचं नाव मात्र दिलेलं नाही.

दुसरा कागद 1671 च्या जनगणनेचा. पोर-रोयाल या मुख्य वस्तीत गियोम आता साठीचा आहे. बायको मादलेन ब्रं, वय 25. तीन लहान मुलगे : गियोम, जां-शार्ल आणि आलेक्सांद्र.

आता जरा हिशेब करू. 1671 मध्ये 25 वर्षांची, म्हणजे तिचा जन्म 1646 च्या सुमाराचा. मग त्याच्या दहा वर्षं आधी जहाजात चढलेली बायको ही असणं शक्यच नाही. ती पहिली बायको. फ्रान्समधल्या शिनों गावच्या विवाहनोंदीत तिचं नाव सापडतं : फ्रांस्वाज कोर्बिनो, लग्न 1627 चं.

मग तिच्या मुलांचं काय झालं? त्याच जनगणनेत जाक बूर्ज्वा या शस्त्रवैद्याचं घर पाहा. त्याची बायको जान त्राहां, वय 40, आणि दहा मुलं. म्हणजे जानचा जन्म 1631 च्या आसपासचा. 1627 च्या लग्नानंतरचा आणि जहाज निघण्याआधीचा. जहाजातल्या दोन मुलांपैकी एक ती, असं मानायला भक्कम आधार मिळतो. गंमत बघा, सावत्र आई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान!

ही जोडणी जमली कशामुळे? तर या नोंदींमध्ये लग्न झालेल्या बाईचंही माहेरचं आडनाव लिहिलेलं आहे. त्राहां हे आडनाव पुढे गेलं ते मादलेनच्या मुलग्यांमुळे. फ्रांस्वाजचा वंश वाढला तो जानच्या पोटी, बूर्ज्वा नावाखाली. नुसतं आडनाव धरून गेलो, तर समुद्र ओलांडून आलेली ही पहिली बाईच वंशावळीतून गळून पडते.

जनगणनेवर इतका भर द्यावा लागतो, कारण पोर-रोयालच्या चर्चच्या टिकलेल्या नोंदवह्या 1702 पासूनच्या आहेत. त्यात 1755 मध्ये ब्रिटिशांनी अकेडियन लोकांना देशोधडीला लावलं. त्राहां कुटुंबांपैकी अनेकांना व्हर्जिनियाला नेलं. त्या वसाहतीने त्यांना ठेवून घ्यायला नकार दिला, आणि त्यांची रवानगी इंग्लंडला झाली. 1763 मध्ये ते फ्रान्सला पोचले. 1765 मध्ये 78 अकेडियन कुटुंबं ब्रिटनीजवळच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. त्यांतही त्राहां होते.

नोंदवह्या मागे राहिल्या होत्या. तेव्हा 1767 मध्ये या कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपापली वंशावळ सांगितली : आईबाप, आजे-पणजे, अगदी फ्रान्सहून आलेल्या मूळपुरुषापर्यंत. घर, शेत, गाव सगळं गेलेल्या माणसांनी डोक्यात जपलेला हा दप्तरखाना. आज अकेडियन वंशावळीचं काम त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही.

पण स्मरणाचा कागदही इतर कागदांसारखाच तपासायचा. चार-पाच पिढ्यांमागची दोन लग्नं बोलण्यात सहज एक होतात. म्हणून प्रत्येक नात्यापुढे आपण एक खूण करू : नोंदीत लिहिलेलं, शपथेवर सांगितलेलं, की वयांवरून ताडलेलं. जान आणि फ्रांस्वाज यांचं मायलेकीचं नातं सध्या तिसऱ्या रकान्यात लिहू. तिथे ते पक्कं बसतं.