घरी बिअर? आधी आल्याचा सोडा जमवा

परवा डोंबिवली फास्टमध्ये ऑफिसातल्या मित्राने हळूच विचारलं, "घरी बिअर करता येते का रे?"

येते, पण महाराष्ट्रात करू नका. आपला दारूबंदी कायदा 1949 चा, आणि त्याचं कलम 65 विनापरवाना दारू बनवणाऱ्याला लागतं. 'स्वतःपुरती केली' ही सबब चालत नाही.

शिवाय आपली हवा! एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश मानवतात. मे महिन्यात कल्याणच्या स्वयंपाकघरात ते साखर घाईघाईने फस्त करतं आणि उग्र चव मागे ठेवतं. (नॉर्वेचं क्वाइक यीस्ट 35 अंशांतही मजेत काम करतं, पण कायदा तोच.)

हात बसवायचाच असेल तर आल्याचा सोडा करा. उकळून गार केलेलं पाणी, सालासकट किसलेलं आलं, साखर. साल काढू नका, रानटी यीस्ट तिथेच असतं. रोज चमचाभर आलं-साखर घालून ढवळा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत बुडबुडे धरतात.

मग गाळून साखर-लिंबाच्या पाण्यात मिसळा आणि प्लास्टिकच्या बाटलीत भरा. काचेची नकोच, फुटते. बाटली अधूनमधून दाबून बघायची. टणक लागली की थेट फ्रिजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवायची. बाहेर राहिली तर दाबही वाढतो, अल्कोहोलही.

बरणी, चमचा, गाळणी उकळत्या पाण्यातून काढा. निम्मं काम तिथेच होतं. बुरशी दिसली तर हळहळू नका, सगळं ओतून द्या.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. बरणीचा फोटो टाकलात तर आणखी बरं.