घर घेताय? कोणत्या तपासणीवर पैसे खर्च करावेत?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची जड घरे कोसळली. म्हणूनच लातूर-नांदेडमध्ये जुने घर घेताना, इसार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतीवरची तिरपी, वाढत जाणारी भेग पाया हलल्याची खूण असू शकते.

काही तपासण्या फुकटात होतात. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे मे महिन्यात बोअर किती चालतो, हे शेजाऱ्यांना विचारा. नांदेडमध्ये घर गोदावरीच्या पूररेषेत आहे का, हे महापालिकेत विचारा. रंग, फरशी, नळ स्वतः तपासा.

रेरा नोंदणीकृत नव्या फ्लॅटच्या बांधकामातील दोष ताब्यापासून ५ वर्षांत दिसले, तर बिल्डरने मोफत दुरुस्त करायचे असतात.