ऑनलाइन शाळेचे अनुभव पुसू नका, जपून ठेवा

जून २०२० ची गोष्ट. शाळा सुरू होण्याचे दिवस आले, पण शाळेचे फाटक काही उघडले नाही. मी जळगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी विषय शिकवते. सातवीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. रोज सकाळी दहाला धडा टाकायचा आणि संध्याकाळी सहापर्यंत उत्तरे मागवायची, असे ठरवले. सहानंतर मी ग्रुपवर यादी टाकत असे. ज्यांची उत्तरे आली ते हजर, बाकीचे गैरहजर.

एका मुलीच्या नावापुढे आठवड्यामागून आठवडे ‘गैरहजर’ लागत होते. तिची उत्तरे येत, पण शुक्रवारी, सगळ्या आठवड्याची एकदम, वहीच्या पानांचे फोटो काढून. मला वाटे, पोरगी आळशी झाली आहे. एकदा मी ग्रुपवरच तिला तसे लिहिलेही.

२७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग टप्प्याटप्प्याने भरू लागले. ती वर्गात आली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मधल्या सुट्टीत मी जवळ बोलावले तेव्हा हळूच म्हणाली, “मॅडम, मैं तो रोज पढ़ती थी. आपने सबके सामने गैरहाजिर लिख दिया.” मग सगळा उलगडा झाला. घरात एकच फोन होता आणि तो अब्बूंबरोबर कामावर जात होता. शुक्रवार हा त्यांच्या सुट्टीचा दिवस. रोजचा धडा ती शेजारच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेत होती.

मी तिची माफी मागितली. पण ती गोष्ट मनातून गेली नाही. चौकशी न करता मी एका लेकराला चारचौघांत कमी लेखले होते. अशा किती चुका आपल्या हातून झाल्या असतील आणि त्यातून आपण काय शिकलो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

साहित्य होते, पण घरापर्यंत पोहोचले का?

त्या काळात कोणी हातावर हात ठेवून बसले नव्हते, हे आधी सांगायला हवे. एप्रिल २०२० मध्येच राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजची अभ्यासमाला सुरू केली. ती व्हॉट्सअॅपवरून शिक्षकांकडे आणि तिथून पालकांकडे जात असे. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. ‘दीक्षा’ हे अॅप तर २०१७ पासूनच होते. सोलापूरच्या नीलम नगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. त्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे आधीच ओळखले जात होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

म्हणजे साहित्याची अगदीच वाण नव्हती. अडचण शेवटच्या टप्प्यावर होती, घराच्या उंबऱ्याशी. ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालाने २०२१ मध्ये सांगितले की देशात स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ च्या ३६.५ टक्क्यांवरून ६७.६ टक्क्यांवर गेले आहे. वाचून बरे वाटते. पण त्याच अहवालात पुढे आहे की फोन असलेल्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. माझी ती विद्यार्थिनी ही अशीच एक.

पुढच्या वर्षी त्याचा परिणामही दिसला. दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. ज्या मुलांनी जून २०२० मध्ये फोनवरच पहिलीत पाऊल टाकले, ती आता वरच्या वर्गांत गेली आहेत. त्यांच्यातली काही अजून जोडाक्षराशी अडखळतात.

‘भाभी, हे सगळे पुसले जाईल’

माझी मोठी नणंद धुळ्याला प्राथमिक शिक्षिका आहे. तिच्या शाळेत यंत्रमाग कामगारांची मुले जास्त. ईदला ती घरी आली की आमच्या गप्पा शाळेवरच येऊन थांबतात. एकदा ती म्हणाली, “भाभी, त्या दोन वर्षांत आपण जे केले ते सगळे फोनमध्ये पडून आहे. जागा भरली की पुसले जाईल. उद्या पुन्हा शाळा बंद पडली, पूर आला, कसली साथ आली, तर पुन्हा पहिल्यापासून?”

आपाचे म्हणणे मला पटले. मग जळगाव आणि धुळ्याच्या आम्ही सहा जणी, चार उर्दू शाळांतल्या आणि दोन मराठी शाळांतल्या, महिन्यातून एका रविवारी फोनवर एकत्र येऊ लागलो. ठरवले असे की आधी धडे बनवायचे नाहीत, आधी अनुभव गोळा करायचे. कोणते साहित्य बनवायचे हे अनुभवच सांगतील.

आपल्या खान्देशाला हे नवे नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. मुलांमध्ये राहून त्यांना काय हवे ते ओळखायचे आणि हाताशी असेल त्या साधनाने ते द्यायचे, ही रीत आपल्याच जिल्ह्यातली आहे.

अनुभव कसा लिहायचा?

नुसते ‘खूप छान प्रतिसाद मिळाला’ असे लिहून कोणाचेच भले होत नाही. इथे मला आपल्या मुहद्दिसांची आठवण झाली. त्यांनी हदीस गोळा करताना नुसते कथन घेतले नाही. ते कोणी सांगितले, कोणाकडून ऐकले, सांगणारा कसा माणूस होता, हेही नोंदले. त्या महान कार्याची आणि आमच्या टिपणांची बरोबरी अर्थातच होऊ शकत नाही. पण सांगणाऱ्याने जबाबदारी घ्यावी आणि ऐकीव गोष्ट पुढे ढकलू नये, हा धडा आम्ही तिथून घेतला.

म्हणून प्रत्येक टिपणात सात प्रश्नांची उत्तरे यायलाच हवीत असा नियम केला. कोणती इयत्ता? कोणता धडा? किती मुले होती आणि त्यांपैकी कितींपर्यंत तो पोहोचला? कशातून पाठवला: फोन, आवाज, फोटो की छापील कागद? काय जमले? काय फसले? आज पुन्हा करायचे झाले तर काय बदलाल?

सहाव्या प्रश्नाला सगळ्या बिचकत होत्या. फसलेले कोण सांगणार? म्हणून मीच सुरुवात केली. कर्ता, कर्म, क्रियापद यावर मी बावीस मिनिटांचा व्हिडिओ केला होता. फळा, रंगीत खडू, सगळे साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी विचारले तर शेवटपर्यंत कोणीच पाहिला नव्हता. कोणाचा नेटपॅक संपला, कोणाच्या फोनमध्ये जागा नव्हती. तेच मी नंतर दीड मिनिटाच्या आवाजात कोड्यासारखे विचारले: “सलमाने आंबा खाल्ला. खाणारे कोण? काय खाल्ले?” त्या संध्याकाळी ग्रुपवर उत्तरांची रांग लागली. हे सांगितल्यावर बाकीच्यांचीही तोंडे उघडली.

अनुभवांनी शिकवलेल्या गोष्टी

टिपणे जमत गेली तसे दिसू लागले की विषय वेगळे असले तरी अडचणी त्याच त्या आहेत. म्हणून आमच्या संग्रहाची मांडणी इयत्तेनुसार किंवा अॅपनुसार न करता अडचणीनुसार केली. शिक्षिकेने आपली अडचण शोधावी, तिथे तिला दुसरीचा अनुभव, छोटा आवाजाचा धडा आणि एका पानाचा छापता येईल असा कागद मिळावा.

पहिली अडचण: घरात एकच फोन. उपाय असा की धडा ठरावीक वेळेला बांधलेला नको. एकदा उतरवून घेतला की मगरिबनंतर, सेहरीला, केव्हाही ऐकता यावा. उत्तराला आठवड्याची मुदत. आणि हजेरीची यादी ग्रुपवर कधीच नाही. हे कलम माझ्या चुकीवरून आले आहे.

दुसरी अडचण: आईला मराठी वाचता येत नाही. आमच्या अनेक माता कुरआन शरीफ वाचतात, उर्दूही वाचतात, पण मराठीच्या पुस्तकापुढे संकोचतात. म्हणून प्रत्येक मराठी धड्याआधी आईसाठी बोलीतली तीन वाक्ये असतात: आज काय आहे, मुलाला काय विचारायचे, त्याने काय सांगितले म्हणजे बरोबर. धुळ्याच्या एका आईने निरोप पाठवला की मुलाच्या निमित्ताने ती स्वतःच बाराखडी गिरवू लागली आहे.

तिसरी अडचण: लिपी. उर्दूचे पाठ्यपुस्तक नस्तालीक वळणात असते आणि बऱ्याच फोनवर अक्षर दिसते नस्ख वळणात. लहान मुलाला ते परके वाटते. जुन्या इनपेजमध्ये टाइप केलेला मजकूर व्हॉट्सअॅपवर चिकटवला तर भलतीच अक्षरे उमटतात. उर्दू उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे, त्यामुळे गणिताच्या ओळीत क्रम उलटसुलट होतो. तयार साहित्य बनवणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, शिकवणारीच्या पहिल्याच दिवशी येते. आम्ही उर्दूचा मजकूर युनिकोडमध्ये नस्तालीक फाँटने लिहितो, मुलांना त्याचे चित्र किंवा पीडीएफ पाठवतो आणि गणिताची प्रत्येक मांडणी वेगळ्या ओळीत ठेवतो.

चौथी अडचण: मुलींचा चेहरा. कॅमेरा सुरू करायला सांगितला की काही मुली ग्रुप सोडून जात. कारण विचारले तर घरच्यांना पसंत नव्हते. त्यावर वाद घालण्यापेक्षा शिक्षण चालू राहणे महत्त्वाचे. आमच्या कुठल्याही धड्याला मुलीचा फोटो किंवा व्हिडिओ लागत नाही. आवाजात किंवा वहीच्या पानावर उत्तर चालते.

पाचवी गोष्ट शिक्षकांची आहे. रात्री अकरा वाजता वह्यांचे फोटो तपासताना डोळे दुखत, घरचा स्वयंपाक, आजारी सासूबाई, स्वतःची मुले, सगळे त्याच फोनभोवती. एकीने लिहिले, “मी आठवड्याला प्रत्येक मुलाच्या एकाच उत्तराला आवाजात प्रतिसाद द्यायला लागले, आणि मुले त्या एका निरोपाची वाट पाहू लागली.” हे टिपण आमच्यात सर्वांत जास्त वेळा ऐकले गेले.

ही अमानत आहे

अनुभव सांगताना मुलांची गरिबी, घरातली भांडणे, आजार असे बरेच बाहेर येते. ते आपल्याकडे अमानत म्हणून आले आहे. दुसऱ्याचे उणे झाकावे ही आपली तालीम आहे. म्हणून टिपणात शिक्षिकेचे नाव असते, मुलाचे नाव, मोहल्ला, फोटो काहीही नसते. ओळख पटेल अशी खूण दिसली की ती काढल्याशिवाय टिपण संग्रहात जात नाही.

आमचा संग्रह अजून लहान आहे. गणित आणि विज्ञानाची टिपणे फार थोडी आहेत. पुरुष शिक्षकांचे अनुभव जवळजवळ नाहीत, आणि खेड्यांतल्या शाळांचे तर हवेच आहेत. रावेर, यावलच्या केळीच्या बागांत कामाला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांनी त्या दिवसांत काय केले, हे तिथल्या शिक्षकांशिवाय कोण सांगणार?

म्हणून वाचक बंधू-भगिनींना विनंती आहे. तुम्ही शिक्षक असाल तर जुना फोन बदलण्यापूर्वी एकदा ते ग्रुप उघडा आणि एक तरी अनुभव वहीत लिहून ठेवा, जमलेला किंवा फसलेला. तुम्ही आई-वडील असाल तर तुमच्या मुलाच्या शिक्षकांना सांगा की त्या दिवसांत घरात नेमके काय चालले होते. आम्हाला ते कळले नव्हते. आणि घरात आज एकच फोन असेल तर दिवसातला अर्धा तास तो मुलीच्याही हाती द्या. पहिली ताकीदच आपल्याला ‘इक्रा’ अशी मिळाली आहे, आणि तीत मुलगा-मुलगी असा भेद नाही.

शेवटच्या बाकावर जाऊन बसलेली ती मुलगी आता महाविद्यालयात आहे. आमचा प्रत्येक नवा धडा संग्रहात घेण्याआधी आम्ही तिला ऐकवतो. लांबला असेल तर ती स्पष्ट सांगते, “मॅडम, इतना कोई नहीं सुनेगा.” आम्ही तो कापून लहान करतो. मराठीच्या काही धड्यांत तिचाच आवाज आहे. अल्लाह तआला तिच्या आणि आपल्या सगळ्या लेकरांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.