थंडींतील हिरवळ

कार्तिक सरून हवेंत गारवा आला, कीं घरापुढील मोकळ्या जागेंत हिरवळ करण्याची हौस पुष्कळांस होते. हाताशीं असलेल्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांतहि हिरवळीचे तयार पट्टे अंथरण्यास हिवाळाच चांगला, असें सांगितलेलें असतें. हा सल्ला विलायतेपुरता खरा आहे; पण तो पुण्या-नाशकास जसाच्या तसा लागू केल्यास पैसा आणि पाणी दोन्ही व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करीत आहोंत.

विलायतेंतील रायग्रास, फेस्क्यू या जाती थंड हवेच्या. जमीन गोठलेली वा तुंबलेली नसेल, तर हिवाळ्यांतहि त्यांचीं मुळें हळूहळू खालीं उतरतात. आपली हरळी उष्ण प्रदेशाची. गणपतीस वाहतों त्या दूर्वा म्हणजे तिचेच कोंवळे शेंडे. जमिनीवर पसरणाऱ्या तिच्या काडीला पेऱ्यापेऱ्यास मुळें फुटतात, म्हणून ती तुडवली तरी मरत नाहीं. पण रात्री गार झाल्या कीं तिची वाढ मंदावते. उत्तर भारतांतील कडक थंडींत तर ती पिवळी पडते. आमच्याकडे लागणीचा खरा काळ पावसाळाच.

तरीहि थंडींतच हिरवळ करणें भाग असेल, तर हरळीच्या काड्या टोंचूं नयेत. त्या पसरेपर्यंत उघड्या जमिनीवर तण माजतें. मातीसकट काढलेले पट्टे घ्यावे. त्यांना केवळ मुळें धरावयाचीं असतात.

जमीन वीतभर खणून विटांचे तुकडे, चुना आणि विशेषतः लव्हाळ्याच्या गांठी वेंचून काढाव्या. राहिलेली गांठ पट्ट्यांतूनहि वर येते. कुजलेलें शेणखत मिसळावें, घरापासून पाणी दूर जाईल असा किंचित् उतार द्यावा व माती दाबून घ्यावी. पट्टे आणल्या दिवशींच अंथरावे. गुंडाळून ठेवल्यास ते आंतून तापून पिवळे पडतात. सांधे विटांच्या बांधकामाप्रमाणें चुकवावे आणि फटींत चाळलेली माती व रेती भरावी. पाणी सकाळीं द्यावें. संध्याकाळचा ओलावा रात्रभर राहून बुरशीस वाव मिळतो. कांहीं दिवसांनीं एक कोपरा हलकेच उचलून पाहावा. तो सहज सुटला, तर मुळें धरलेलीं नाहींत असें समजावें आणि तोंवर मुलांस तेथें खेळूं देऊं नये. पुढें कापतांनाहि एका वेळीं उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापूं नये.

मात्र खरी कसोटी चैत्र-वैशाखांत आहे. त्या दिवसांत हरळीस चौरस मीटरमागें रोज सुमारें ४ ते ५ लिटर पाणी लागतें. म्हणजे १०० चौरस मीटरच्या हिरवळीस रोज ४०० ते ५०० लिटर! मोठ्या शहरांतील पाणीपुरवठ्याचें सरकारी प्रमाण माणशीं १३५ लिटरांचें आहे. त्या हिशोबानें ही हिरवळ तीन माणसांहून अधिक पाणी पिते. उन्हाळ्यांत शेजाऱ्यांचे हंडे रिकामे असतां आपल्या अंगणांत असा पाहुणा पोसणें कोणत्याहि सुज्ञ कुटुंबास शोभणार नाहीं. आजोबांनीं सकाळीं अनवाणी फिरावें, नातवंडांनीं लोळावें, एवढ्यास वीस-पंचवीस चौरस मीटर पुरे होतात.

विहिरीचा भरंवसा नसेल, तर यंदा केवळ जमीन खणून ठेवावी. उन्हाळ्याच्या तापानें वर आलेल्या लव्हाळ्याच्या गांठी वाळून जातील आणि मृगाच्या पावसावर लावलेली हरळी फारशी चाकरी न मागतां अंगण भरून टाकील.