दांडी सोडल्यावर सूर का परतत नाही

इलेक्ट्रिक गिटारच्या काही प्रकारांत ब्रिजला, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिला, एक धातूची दांडी जोडलेली असते. ती दाबली की साऱ्या तारा एकदम सैलावून स्वर खाली घसरतो आणि सोडली की तो जागेवर यावा अशी अपेक्षा असते. या व्यवस्थेला व्हायब्रॅटो म्हणतात, मात्र १९५४ साली लिओ फेंडर यांच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तेव्हापासून वादकांत तिचे ट्रेमोलो हेच नाव रुळले आहे. दांडी सोडल्यावर गिटार बेसूर होते ही तिच्याविषयीची जुनी तक्रार असून तिचे खापर बहुधा खुंट्यांवर फोडले जाते. परंतु धडधाकट खुंटी सहसा घसरत नाही, अडते ती तार, आणि तीही तिच्या वाटेवरच्या एखाद्या ठरावीक जागी.

स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकलेला असतो आणि त्याच्याखालचा जड धातूचा ठोकळा गिटारच्या पाठीमागच्या पोकळीत उतरलेला असतो. बारीक तारांच्या सहा नगांचा ताण एकूण सुमारे ३८ किलो भरतो आणि त्याला तोलून धरणाऱ्या तीन ते पाच स्प्रिंगा त्या पोकळीत ठोकळ्याला अडकवलेल्या असतात. ब्रिज असा दोन ओढींच्या मध्ये तरंगत असल्यामुळे एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि उरलेल्या पाच उतरतात. म्हणूनच सहाही तारा एका फेरीत जुळत नाहीत, दोन-तीन फेऱ्या घ्याव्या लागतात आणि प्रत्येक फेरीत चूक कमी होत जाते. जाड तारा लावल्या तर ताण वाढून ब्रिज पुढे उचलला जातो, तेव्हा स्प्रिंगांचे दुसरे टोक ज्या पट्टीला अडकवलेले असते तिचे दोन स्क्रू आवळून स्प्रिंगांची ओढही वाढवावी लागते. ब्रिजची मागची कड अंगापासून सुमारे ३ मिलिमीटर वर असावी, अशी फेंडरची शिफारस आहे.

तोल साधला तरी घर्षण उरतेच, आणि खरी अडचण तिथे आहे. मानेच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे वळतात, तिथे हाडाची किंवा प्लॅस्टिकची खाचा पाडलेली पट्टी असते, तिला नट म्हणतात. दांडी दाबली की नट आणि ब्रिज यांमधली तार सैलावते, पण नटापलीकडचा खुंटीकडचा तुकडा अजून ताठच असतो आणि तो खाचेतून थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो. दांडी सोडल्यावर तेवढी तार परत यायला हवी, मात्र खाच अरुंद किंवा खडबडीत असेल तर ती मध्येच अडकते आणि स्वर चढा लागतो. तार बोटाने ताणली किंवा दांडी वर ओढली तर हाच प्रकार उलट दिशेने घडून स्वर उतरतो. त्यामुळे दांडी दाबून सोडल्यावर एखादीच तार चढली, आणि तिला बोटाने एकदा जोरात ताणताच ती जागेवर आली, तर दोष नटाचा किंवा त्यापुढे तार दाबून धरणाऱ्या छोट्या पकडीचा समजावा. सहाही तारा सारख्याच प्रमाणात हलल्या असतील, तर ब्रिज जिथे टेकतो त्या कडेकडे पाहावे. खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो, तोही खाच अडखळत असल्याचाच पुरावा होय.

उपाय स्वस्त आहे. खाच तारेच्या जाडीपेक्षा जेमतेम रुंद करून, तिची खोली मुळीच न वाढवता, बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी आणि तीत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरावी, कारण ग्रॅफाइट हे कोरडे वंगण आहे. खुंटीवर तारेचे वेढे दोन-तीनच असावेत, कारण सैल वेढे दांडीच्या प्रत्येक दाबासरशी उलगडून पुन्हा वेगळ्याच जागी बसतात. शिवाय नवी तार हाताने ताणून पुन्हा जुळवावी आणि ती उतरायची थांबेपर्यंत हे करत राहावे.

फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने १९७० च्या दशकात नटापाशीच तार स्क्रूने आवळून टाकली आणि ब्रिजवरही पकडली, तेव्हा तार घसरायला जागाच उरली नाही. एडी व्हॅन हॅलन यांच्या वादनातून ही रचना जगभर पोहोचली. नट कुलूपबंद झाल्यावर खुंट्या निरुपयोगी होतात, म्हणून बारीक जुळवणीचे छोटे स्क्रू पुढे ब्रिजवरच बसवण्यात आले. तथापि एक तार तुटली की तोल बिघडून बाकीच्या पाच चढतात आणि तार बदलायला पान्हा लागतो. दांडीने केवळ हलका कंप देणाऱ्याला एवढा खटाटोप परवडण्याजोगा नाही, त्याला नीट घासलेला नट पुरे होतो. दांडी वापरायचीच नसेल, तर एरिक क्लॅप्टन यांनी केले तसे ठोकळ्याच्या मागे लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जखडून टाकता येतो.