मुंग्या कुठल्या बोटाला येतात?

कतारला, दोहामध्ये मी नर्स होते तेव्हा रत्नागिरीकडचा एक सळई बांधणारा कामगार आमच्याकडे आला. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. वात आहे म्हणून त्याने वर्ष काढलं. अंगठ्याच्या मुळाशी मांसल उंचवटा असतो ना, तो पार बसला होता. शर्टाचं बटण लागेना.

कोपराखाली हात धरून दुसऱ्या हाताची बोटं मिटा. हालचाल तिथे जाणवेल. बोटांत ओढणारे स्नायू नाहीतच. कोपराखालचे स्नायू दोरीसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. अशा 9 कंडरा आणि मीडियन नस (नस म्हणजे नर्व्ह, रक्ताची शीर नव्हे) मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात. तिथे सूज आली की नस चेपते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं. करंगळी बधिर असेल तर अल्नर नस. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच, आणि बहुधा तिथेच दबते. मनगट वर उचलेना, तर रेडियल.

त्याचं ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, उंचवटा काही भरला नाही. म्हणून डॉक्टरांना नुसतं "हात दुखतो" सांगू नका, बोट दाखवा. पण एकाएकी हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर बोटं मोजत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.