एक नंबरच्या लेण्यातला अंधार

मे महिन्यातली दुपार. अजिंठ्याच्या नालाकृती कड्यावर ऊन नुसतं ओततंय. पहिल्या लेण्यासमोर चपला काढलेली माणसं तापलेल्या दगडावरून टाचा उचलत, जवळजवळ उड्या मारत ओसरी गाठताहेत. चटका मेंदूला कळायच्या आतच पाऊल उचललं जातंय. तो हुकूम पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर देतो. ओसरीच्या सावलीत तोच काळा पाषाण सुखद गार लागतो. थोडा वेळ उभं राहिलं की हा गारवाही जाणवेनासा होतो, कारण त्वचेचं सगळं लक्ष तापमानातल्या बदलाकडे असतं. बदल थांबला की तीही गप्प होते.

उंबरा ओलांडतो आणि समोर काळंभोर काहीतरी उभं राहतं. माझ्या पुढचं कुटुंब दारातच अडखळलंय. आजींनी सुनेचं मनगट घट्ट धरलंय.

"बाबा, इथं तर काहीच नाहीये!" सात-आठ वर्षांचा मुलगा वैतागून म्हणतो. वडिलांचा हात लगेच खिशातल्या मोबाईलकडे जातो.

"दादा, बॅटरी नका लावू," मागून गाईड सांगतात. "घटकाभर उभे राहा. आपोआप दिसायला लागेल."

आम्ही उभे राहतो. वटवाघळांचा उग्र वास आता नाकात शिरलाय. डोळे नडले की कान पुढे होतात. कुणाच्या तरी बांगड्यांची किणकिण वीस खांबांच्या या दालनात किती लांबवर घुमते, ते आत्ता ऐकू येतंय. आजी पायाच्या अंगठ्याने जमीन चाचपत पाऊल टाकताहेत.

या काही मिनिटांत डोळ्यांत केवढी धावपळ चाललेली असते! आधी बाहुली मोठी होते. उन्हात जेमतेम दोन मिलिमीटरची असलेली बाहुली गडद अंधारात, तरुण वयात, सात-आठ मिलिमीटरपर्यंत पसरते. ते काम स्वायत्त चेतासंस्थेचं, आपल्याला विचारून होत नाही. पण त्याने फार तर पंधरा-सोळा पट जास्त उजेड आत येतो, आणि बाहेरच्या नि आतल्या उजेडातला फरक हजारो पटींचा असतो. उरलेली तफावत दृष्टिपटलावरच्या पेशी भरून काढतात. लख्ख उजेडात रंग दाखवणाऱ्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत सावरतात. मंद उजेडासाठीच्या दंडपेशींना मात्र ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा घडवावं लागतं. त्याला 'अ' जीवनसत्त्व लागतं आणि पूर्ण सज्ज व्हायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त. वय वाढलं की बाहुली तेवढी पसरत नाही आणि हे रसायनही सावकाश घडतं. आजींना नातवापेक्षा उशिरा दिसणार ते यामुळे.

मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला, काहीतरी हलल्यासारखं वाटतं. हललेलं काही नाही. मुकुटातले मोती तेवढे उजळलेत. मग गळ्यातला हार. मग झुकलेल्या पापण्या, एका बाजूला कललेली मान, आणि शेवटी उजव्या हातातलं निळं कमळ. पद्मपाणी एकदम समोर येत नाही, असा अंगाअंगाने उमलत येतो. पुस्तकातल्या छायाचित्रात हे कधीच घडत नाही, आणि मला तर या चित्राचं निम्मं वैभव या उशिरा दिसण्यातच वाटतं.

कोपऱ्यातलं छत अजून काळंच आहे. तिथे सरळ रोखून पाहिलं तर नक्षी विरते, नजर किंचित बाजूला नेली की पाकळ्या दिसतात. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळे अंधुक गोष्ट तिरक्या नजरेला आधी सापडते. दंडपेशींना लाल रंगही जवळजवळ कळत नाही. म्हणून त्या काळोख्या कोपऱ्यात गेरू काळवंडलाय आणि निळा-हिरवा मात्र तग धरून आहे.

"दिसला! बाबा, त्याच्या हातात फूल आहे!" मुलगा ओरडतो.

तेवढ्यात दारातून नवा घोळका आत येतो आणि मोबाईलचा पांढरा झोत थेट आमच्या तोंडावर पडतो. संपलं. पद्मपाणी गेला, नक्षी गेली, डोळ्यांसमोर एक हिरवट डाग तेवढा तरंगतोय. ऱ्होडॉप्सिन उजेडाने क्षणात विघटित होतं, आणि जमवायला पुन्हा तितकीच मिनिटं. आजींना नुकतंच दिसू लागलं होतं. त्या काही न बोलता खांबाला टेकून पुन्हा वाट पाहू लागतात. सुनेने घड्याळ पाहिलंय. झोत टाकणारा घोळका भिंतींवरून उजेड फिरवून दोन-तीन मिनिटांत बाहेरही पडलाय, न बघताच. राग येतो, तळमळून येतो.

पाचव्या शतकात ही चित्रं रंगवणाऱ्यांचे डोळे आपल्यासारखेच होते, त्यांनाही उन्हातून आत आल्यावर थांबावंच लागलं असणार. या चित्रांना आणखी दिवे नकोत, बघणाऱ्याचा वेळ हवा.

तेव्हा अजिंठ्याला जाल तर एवढं करा. ओसरीतच दोन मिनिटं डोळे मिटून बसा, मोबाईल पिशवीत ठेवा, सोबतच्या वडीलधाऱ्यांना घाई करू नका. सोमवारी लेणी बंद असतात; इतर कुठल्याही दिवशी जा, पण एकट्या पहिल्या लेण्यासाठी अर्धा तास राखून जा.